अपयशाची भीती कमी करून आत्मविश्वास उभारण्याची रीत: पुन्हा सुरुवात करणाऱ्यांसाठी

मे २०११ मध्ये बारावीचा निकाल लागला आणि गणितात मला २३ गुण पडले. चोपडा तालुक्यातील आमच्या गावात तेव्हा इंटरनेटची सोय नव्हती, म्हणून तालुक्याला जाऊन सायबर कॅफेच्या रांगेत उभे राहून निकालाचा कागद काढला, त्याच्या चार घड्या केल्या आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला. त्यानंतरच्या दोन वर्षांत ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या मिळून चार संधी आल्या आणि चारही वेळा मी फॉर्म भरला नाही. कधी कापूस वेचणीचे कारण होते, कधी केळीच्या पाण्याचे, कधी वडिलांच्या दुखण्याचे. ही कारणे खोटी नव्हती, पण फॉर्म न भरण्याचे खरे कारण त्यांपैकी एकही नव्हते. पुन्हा नापास झालो तर काय, या प्रश्नापुढे उभे राहण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

ऑक्टोबर २०१३ मध्ये शेवटी परीक्षेला बसलो आणि ३१ गुण मिळवून पुन्हा नापास झालो. मार्च २०१४ मध्ये ५२ गुण मिळाले. पुढे पदवी घेतली आणि गेली काही वर्षे जळगावात एक छोटी अभ्यासिका चालवतो. तेथे पुरवणी परीक्षेची, पोलीस भरतीची आणि शिक्षकांच्या मुलाखतींची तयारी करणारी मुले-मुली येतात. त्यांतील अनेकांना मी त्याच चार घड्यांचा कागद खिशात घेऊन फिरताना पाहतो. मला जे चाचपडत, उशिरा कळले ते त्यांना लवकर कळावे, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आधी आत्मविश्वास येईल आणि मग फॉर्म भरू, असे मी दोन वर्षे मानत आलो. प्रत्यक्षात फॉर्म आधी भरला गेला, थरथरत्या हाताने भरला गेला, आणि आत्मविश्वास त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी हळूहळू आला. खालील सर्व पायऱ्या याच क्रमावर उभ्या आहेत.

सुरुवातीला काय जवळ ठेवावे

- दोनशे पानी वही. मोबाइलमध्ये लिहिलेले सहज पुसता येते, वहीतील पान तसेच राहते, म्हणून वहीच घ्यावी.
- आधीच्या परीक्षेची गुणपत्रिका, आणि मिळाली असल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत. मुलाखत किंवा भरती असेल तर त्या वेळचे हॉल तिकीट आणि गुणांची यादी.
- आवाज ध्वनिमुद्रित करता येईल असा कोणताही साधा मोबाइल, आणि वेळ लावण्यासाठी घड्याळ.
- पुढील परीक्षेच्या किंवा भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख, कॅलेंडरवर लाल शाईने गोल केलेली.
- एक माणूस, जो तुमचे ऐकून घेईल आणि लगेच उपदेश करणार नाही. असा माणूस घरात नसेल तर शेजारी, मित्र, जुने शिक्षक, मोठी वहिनी, कोणीही चालेल. एकच पुरे.

१. भीती नेमकी कशाची आहे ते लिहून काढा

“मला अपयशाची भीती वाटते” हे वाक्य इतके मोठे आहे की त्यावर काहीच उपाय करता येत नाही. वहीच्या एका पानावर “मी नापास झालो तर” असे लिहा आणि वाक्य पूर्ण करा. त्याखाली “आणि मग?” असे लिहून पुन्हा उत्तर द्या. डोळ्यांना दिसेल अशा एखाद्या प्रत्यक्ष प्रसंगापर्यंत पोहोचेपर्यंत हे चालू ठेवा.

माझ्या पानावर आलेली उत्तरे अशी होती. नापास झालो तर सगळ्यांना कळेल. आणि मग? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतील, जिजाजी येतील. आणि मग? ओट्यावर आंब्याचा रस आणि सांजोऱ्या खाताना कोणीतरी विचारील, “काय रे, गणित निघालं का?” आणि मग? माय स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाही, कारण तिला ते उत्तर ऐकायचे नसेल.

मी २०१२ च्या आखाजीला सकाळीच शेतात निघून गेलो होतो, ते या एका प्रसंगासाठी. कागदावर उतरल्यावर लक्षात आले की मला गणिताची भीती थोडी आणि त्या ओट्यावरच्या प्रश्नाची भीती फार होती. एकदा हे कळले की त्या प्रश्नाला द्यायचे उत्तर आधीच ठरवता येते. “अजून नाही निघालं, ऑक्टोबरला पुन्हा बसतो आहे,” एवढे एक वाक्य मी पाठ केले. पुढच्या वर्षी ते म्हणालो, तेव्हा जिजाजींनी मान हलवली आणि कापसाच्या भावाबद्दल बोलायला लागले.

तुमचे उत्तर वेगळे असेल. कोणाला फीच्या पैशांची भीती असते, कोणाला सुरतला कापडाच्या कारखान्यात जावे लागेल याची, कोणाला धाकटी बहीण पुढे निघून जाईल याची. यांपैकी काही नुकसान खरे असते आणि ते खरेच म्हणून लिहावे. वर्ष जाते, पैसे जातात. पण ज्याची लांबी-रुंदी मोजता येते असे नुकसान सोसण्याची तयारी करता येते.

२. टाळण्याचा हिशोब मांडा

भीती टिकून कशी राहते हे समजल्याशिवाय ती कमी होत नाही. फॉर्मची तारीख जवळ येते तशी छाती भरून येते. आपण ठरवतो, “या वेळी राहू दे.” त्या क्षणी फार मोठा दिलासा मिळतो. हा दिलासाच घातक आहे, कारण मन त्यातून शिकते की पळाल्यामुळे आपण वाचलो. पुढच्या वेळी तेच मन अधिक लवकर आणि अधिक जोराने पळायला सांगते. शिवाय परीक्षेला बसून काय झाले असते हे कधी कळतच नसल्याने, भीतीला खोटे ठरवणारा पुरावा आपल्या हाती येत नाही.

वहीत दोन रकाने आखा. डाव्या बाजूला तुम्ही आजवर काय काय टाळले ते तारखेसह लिहा, उजव्या बाजूला त्या वेळी स्वतःला आणि इतरांना कोणते कारण सांगितले ते लिहा. यादी पुरी झाल्यावर उजवा रकाना सलग वाचा. माझ्या उजव्या रकान्यात “पाऊस” चार वेळा आला होता.

यात एक छुपा प्रकार आहे, त्याकडे विशेष लक्ष द्यावे. काही जण परीक्षेला बसतात, पण तयारी मुद्दाम अर्धी ठेवतात. आदल्या रात्री लग्नाला जातात, मैदानावर सराव न करता भरतीला उतरतात, आणि निकाल लागल्यावर म्हणतात, “अभ्यासच केला नव्हता, केला असता तर निघालो असतो.” स्वतःच्या वाटेत स्वतःच काटे पेरण्याच्या या सवयीचे वर्णन स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये केले. पूर्ण ताकद लावून हरलो तर आपली ताकदच कमी ठरेल, ही भीती त्यामागे असते. अभ्यासिकेत आलेला एखादा हुशार मुलगा तीन महिने पुस्तकच उघडत नाही, तेव्हा मी त्याला आळशी म्हणत नाही. बहुतेक वेळा तो फार घाबरलेला असतो.

३. जुन्या अपयशाची पाहणी करा, म्हणजे नांग्या शोधा

कपाशीची लागवड केल्यावर आठ-दहा दिवसांनी आपण शेतात जातो आणि प्रत्येक ओळीतून चालत पाहतो की कोठे उगवले नाही. तेवढ्याच जागी पुन्हा बी टाकतो, किंवा आधीच पिशवीत वाढवलेले रोप लावतो. याला नांग्या भरणे म्हणतात. दहा जागी उगवले नाही म्हणून कोणी सगळे शेत नांगरून काढत नाही. पण गुणपत्रिकेच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो: एका विषयातील २३ पाहिले की “मी नापास माणूस आहे” असे सगळे शेतच मोडून टाकतो.

पाहणी करायची तर प्रत्यक्ष उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर हवी. महाराष्ट्र राज्य मंडळाकडे निकालानंतर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन अर्ज करून आणि शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. खान्देशातील तिन्ही जिल्हे, जळगाव, धुळे आणि नंदुरबार, नाशिक विभागीय मंडळात येतात. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून निकालाच्या दिवशीच ती वहीत टिपून ठेवा. रडून झाल्यावर बघू, असे म्हणण्यात ही मुदत निघून गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.

छायाप्रत आली की तीन रंगांच्या पेनांनी प्रत्येक गेलेल्या गुणाला एक खूण करा.

- लाल: मला हे येतच नव्हते.
- निळा: येत होते, पण चूक झाली.
- हिरवा: प्रश्नाला हातच लावला नाही.

माझ्या ३१ गुणांच्या उत्तरपत्रिकेवर लाल खुणा मला वाटल्या होत्या त्यांपेक्षा पुष्कळ कमी निघाल्या. मॅट्रिक्सचे एक गणित पूर्ण बरोबर सोडवून शेवटच्या ओळीत उणे चिन्ह लिहायचे राहिले होते. इंटिग्रेशनची तीन गणिते कोरी होती, आणि त्यांतील दोन मी आदल्याच आठवड्यात घरी सोडवलेली होती. परीक्षेत ती पाहताच मनात “हे आपल्याला जमत नाही” असे आले आणि मी पान उलटले. म्हणजे चार गुणांनी मी नापास झालो होतो आणि त्याहून अधिक गुण केवळ पान उलटण्यात गेले होते. त्या रात्री मला वाईट वाटले, पण दोन वर्षांत प्रथमच आपण काय करायचे आहे हे नेमके कळले.

मुलाखतीची किंवा भरतीची उत्तरपत्रिका नसते. तेव्हा बाहेर पडल्यावर त्याच दिवशी, बसमध्ये बसल्या बसल्या, विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरे आठवतील तशी लिहून काढा. दुसऱ्या दिवशी आठवण बदललेली असते आणि तिच्यात फक्त लाज उरते.

४. भीतीची शिडी तयार करा

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि यालाच सर्वाधिक वेळ द्यावा. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याशी संबंधित आठ-दहा कामे लिहा आणि प्रत्येकाला शून्य ते शंभर असे भीतीचे गुण द्या. मानसोपचारात ही पद्धत जोसेफ वोल्पे यांनी रूढ केली. शून्य म्हणजे ओसरीवर निवांत बसणे, शंभर म्हणजे पाय लटपटणे. सुरुवात तीस-चाळीस गुणांच्या कामापासून करा. फार सोप्या कामाने काही शिकायला मिळत नाही आणि फार अवघड कामापासून पुन्हा पळण्याचीच सवय लागते.

आमच्या अभ्यासिकेतील एका मुलीचे उदाहरण तिच्या परवानगीने सांगतो. डी.एड. झालेली, अभ्यासात उत्तम, पण शिक्षक पदाच्या मुलाखतीला जायचे टाळत होती. घरी, शेतात, मैत्रिणींत ती सदैव अहिराणी बोलत आली. अहिराणीत “ळ” चा “य” होतो, त्यामुळे बोलण्याच्या ओघात तिच्या तोंडून “शाळा” ऐवजी “शाया” येत असे. शाळेत शिकवण्याच्या मुलाखतीत आपण “शाया” म्हणालो तर समोरचे हसतील, हे तिचे शंभर गुणांचे भय होते. तिची शिडी अशी होती:

- ३० गुण: रात्री एकटीने मोबाइलवर दोन मिनिटे स्वतःची ओळख ध्वनिमुद्रित करणे.
- ४० गुण: तेच मुद्रण स्वतः पूर्ण ऐकणे. हे तिला बोलण्यापेक्षा अवघड गेले.
- ५० गुण: धाकट्या भावापुढे वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचून समजावणे.
- ६० गुण: बँकेत जाऊन खात्याबद्दल तीन प्रश्न प्रमाण मराठीत विचारणे.
- ७५ गुण: अभ्यासिकेतील पाच जणांपुढे पंधरा मिनिटांचा पाठ घेणे.
- ८५ गुण: अनोळखी दोन निवृत्त शिक्षकांपुढे सराव मुलाखत देणे.
- ९० गुण: त्याच सराव मुलाखतीत एकदा मुद्दाम “शाया” म्हणणे आणि न थांबता पुढे बोलणे.

शेवटच्या पायरीला ती चार दिवस तयार नव्हती. चूक टाळण्याचा सराव तिने पुष्कळ केला होता. चूक झाल्यावर काय होते, हे मात्र तिने कधी पाहिले नव्हते. पाचव्या दिवशी तिने तो शब्द तसा उच्चारला. समोरच्या बाईंनी कागदावर काहीतरी टिपले आणि पुढचा प्रश्न विचारला. नंतर तिने त्यांना विचारले तेव्हा त्यांच्या लक्षातही तो शब्द आलेला नव्हता. पहिल्या खऱ्या मुलाखतीत तिची निवड झाली नाही. दुसरीत झाली. आज ती वर्गात प्रमाण मराठीत शिकवते आणि मधल्या सुट्टीत मुलांशी अहिराणीत बोलते. अहिराणी हा तिचा दोष कधीच नव्हता, आणि हे तुमच्यापैकी ज्यांना ऐकण्याची गरज आहे त्यांनी जरूर ऐकावे.

शिडी चढताना तीन नियम पाळावेत. पहिला, भीती शिगेला पोहोचलेली असताना काम अर्धवट सोडू नये, कारण मग मन पुन्हा तेच शिकते की पळाल्याने सुटका झाली. थांबायचेच असेल तर भीती निम्म्यावर उतरेपर्यंत तेथेच राहून मग थांबावे. दुसरा, एक पायरी एकदा करून सोडू नये. भीतीचे गुण वीसच्या आसपास येईपर्यंत ती तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी करावी. तिसरा, प्रत्येक वेळी करण्यापूर्वीचे आणि केल्यानंतरचे गुण वहीत लिहावेत. आधी ७० आणि नंतर ४० असे आकडे स्वतःच्या अक्षरात दिसू लागले की त्यांवर विश्वास बसतो.

५. रोजचे काम आपल्या हातात असेल असेच ठरवा

“पोलीस भरतीत निवड होणे” हे ध्येय चांगले आहे, पण ते पूर्णपणे आपल्या हातात नाही. जागा किती, स्पर्धक किती, हे आपण ठरवत नाही. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात आणि मुलांसाठी त्यांतील २० गुण १६०० मीटर धावण्याचे असतात. तेव्हा रोजचे ध्येय “पहाटे साडेपाचला मैदानावर असणे आणि १६०० मीटरची वेळ वहीत लिहिणे” असे ठेवावे. हे पाळले की नाही, याचे उत्तर त्याच दिवशी हो किंवा नाही असे मिळते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणून धावण्याचा सराव सूर्य वर येण्याआधीच संपवावा. उन्हात चक्कर येऊन पडणे म्हणजे भीतीला आयते कारण देणे होय.

अभ्यासासाठीही हेच लागू पडते. “आज गणित करीन” ऐवजी “रात्रीचे ताट धुऊन ठेवले की लगेच मॅट्रिक्सची दोन गणिते” असे ठरवा. नवे काम एखाद्या जुन्या, हमखास होणाऱ्या कामाला बांधले की ते सुरू करण्यासाठी वेगळे मन घट्ट करावे लागत नाही. भारनियमनात वीज रात्री येणार असेल आणि पाण्याची बारी करायला जावे लागणार असेल, तर त्या दिवसासाठी पाच मिनिटांचे छोटे काम आधीच ठरवून ठेवावे. शून्य दिवस येऊ देऊ नये, एवढीच अपेक्षा ठेवा.

६. पुराव्यांची नोंद ठेवा

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाविषयी जो सिद्धांत मांडला, त्यात या विश्वासाचे चार स्रोत सांगितले आहेत: स्वतः करून दाखवलेली कामे, आपल्यासारख्याच माणसाला ते काम करताना पाहणे, इतरांनी दिलेले प्रोत्साहन, आणि शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला स्रोत सर्वांत बळकट मानला जातो. आपण मात्र बहुधा तिसऱ्याच स्रोताच्या मागे धावतो आणि रात्री बारापर्यंत प्रेरणादायी व्हिडिओ पाहत राहतो. त्याने तासभर रक्त उसळते, पण सकाळी वही तशीच कोरी असते.

म्हणून वहीच्या मागच्या बाजूने रोज झोपण्यापूर्वी एक ओळ लिहा: आज भीती वाटत असतानाही काय केले. “चांगले झाले” असे लिहू नका, काय केले ते लिहा. “सरांना शंका विचारली. आवाज कापला. विचारली.” अशा साठ-सत्तर ओळी साठल्या की परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तकाऐवजी ती पाने वाचा. दुसऱ्या स्रोतासाठी आपल्याच तालुक्यातील, आपल्याच परिस्थितीतील आणि एकदा तरी नापास झालेला माणूस शोधा. जिल्हाधिकारी झालेल्या माणसाचे भाषण ऐकण्यापेक्षा, गावातीलच तिसऱ्या प्रयत्नात तलाठी झालेल्या ताईंना “नापास झाल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्ही काय केलेत?” हे विचारणे अधिक उपयोगी ठरते.

चौथ्या स्रोताबद्दल थोडक्यात. छाती धडधडणे आणि तळहात ओले होणे याचा अर्थ तयारी कमी आहे असा होत नाही. शरीर कामाला लागले आहे, एवढाच होतो. प्रश्नपत्रिका हाती येण्यापूर्वी चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा, असे दहा वेळा करा. हे आधी घरी शिकून घ्यावे, परीक्षागृहात प्रथमच करू नये.

७. घरच्यांशी आधी बोला

गुपचूप फॉर्म भरणे हा मोठा सापळा आहे. नापास झालो तर कोणाला कळणार नाही, असे वाटून अनेक जण घरी सांगत नाहीत. मग अभ्यासाला वेळ मागता येत नाही, कामातून सुटका होत नाही, आणि नापास झाल्यावर एकट्यानेच सोसावे लागते. प्रयत्न करण्यापूर्वीच, शांत वेळ पाहून, तीन गोष्टी सांगा: मी कशाला बसतो आहे, त्यासाठी रोज किती वेळ हवा आहे, आणि निकाल वाईट लागला तर मला तुमच्याकडून काय हवे आहे.

मी २०१३ च्या पावसाळ्यात वडिलांना हे सांगितले. आम्ही बांधावर बसलो होतो. त्या वर्षी ज्वारीच्या एका तुकड्यात दुबार पेरणी करावी लागली होती. आप्पांनी माझे सगळे ऐकले, विडी विझवली आणि म्हणाले, “पेरनी मोडनी, वावर नही मोडनं.” म्हणजे पेरणी मोडली, शेत नाही मोडले. मग उठून पाभरीकडे गेले. त्यांनी माझ्या परीक्षेचे नावही घेतले नाही. ऑक्टोबरमध्ये मी नापास झालो तेव्हा ते फक्त विचारते झाले, “पुढचा फॉर्म कधी?”

हा लेख आई-वडील वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती आहे. निकालाच्या दिवशी “आम्ही एवढा खर्च केला” हे वाक्य बोलू नये आणि शेजारच्या मुलाचे गुण सांगू नयेत. त्या दिवशी जेवायला वाढावे, सोबत बसावे आणि मुलाला एकटे सोडू नये.

८. पुन्हा अपयश आले तर पहिले तीन दिवस

हे नियोजन निकालाच्या आधीच लिहून ठेवावे, कारण निकालानंतर ते सुचत नाही. पहिल्या दिवशी वर सांगितलेल्या एका माणसाला फोन करा आणि रात्री घरीच, माणसांत झोपा. दुसऱ्या दिवशी कोणतेतरी अंगमेहनतीचे काम करा आणि छायाप्रतीच्या अर्जाची मुदत पाहा. तिसऱ्या दिवशी वही उघडून पुढील फॉर्मची तारीख लिहा. माझ्या वेळी पुरवणी परीक्षा ऑक्टोबरमध्ये होत असे. आता ती जून-जुलैमध्येच होते, त्यामुळे वर्ष वाचू शकते, पण फॉर्म निकालानंतर लगेच भरावा लागतो. या तीन दिवसांत शिक्षण सोडणे, गाव सोडणे, क्लास बदलणे यांपैकी कोणताही निर्णय घेऊ नका. विशेषतः भरमसाट फीच्या नव्या क्लासमध्ये पैसे भरू नका. पाहणी न करता क्लास बदलणे म्हणजे नांग्या न शोधता बियाण्याची कंपनी बदलणे होय.

भीती किंवा उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि जेवण तुटले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर हा लेख बाजूला ठेवा आणि मदत घ्या. टेलिमानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तेथे मराठीत बोलता येते. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तेथे जाणे म्हणजे वेड लागणे, असे गावात कोणी म्हणाले तरी जावे. ताप आला म्हणजे आपण डॉक्टरांकडे जातोच.

९. आज रात्री करायचे काम

सर्व पायऱ्या एकदम सुरू करू नयेत. आज फक्त वही घ्या, पहिल्या पानावर फॉर्मची शेवटची तारीख लिहा आणि त्याखाली “मी नापास झालो तर” हे वाक्य पूर्ण करा. उद्या दोन रकान्यांची यादी करा. आठवड्याच्या आत शिडी तयार करा आणि तिची पहिली पायरी चढा. फॉर्म मात्र मुदतीच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्या दिवशी सर्व्हर बंद पडतो, केंद्रावर रांग लागते आणि परत फिरायला मनाला निमित्त मिळते. सुरुवातीच्या तीन-चार दिवसांतच भरा, शक्य झाल्यास तुमचे ऐकून घेणाऱ्या त्या माणसाला सोबत घेऊन जा, आणि पैसे भरल्याची पावती मिळाली की ती वहीच्या पहिल्या पानावर, तारखेच्या अगदी खाली, डिंकाने चिकटवा.